माहेरी बरी, सासरी दम

"तुम्हाला ॲलर्जिक अस्थमा आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी सोपं करून सांगितलं, "म्हणजे ॲलर्जीचा दमा. बाकीच्यांना चालणारी एखादी वस्तू तुमच्या शरीराला चालत नाही. ती जवळ आली की श्वासाच्या नळ्या आतून सुजतात आणि आवळतात."

"कोणती वस्तू जी?" मामीजींनी विचारलं. मामीजी म्हणजे माझ्या सासूबाई.

"ते शोधावं लागेल. घरातलीच असावी. घरी असल्या की त्रास आणि गावाला गेल्या की आराम, असं होतं का?"

मामीजींनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. मग मामीजींनी आपली खुर्ची माझ्यापासून वीतभर लांब सरकवली.

हे यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात झालं. मी घाटंजीजवळच्या एका खेड्यात राहते. चौथी शिकलेली आहे. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. कुणाला असाच त्रास असेल तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे, कारण समोर बसून सांगणं माझ्याकडून होणार नाही.

सुरुवात झाली ती दिवाळीनंतर, कापूस घरात आल्यावर. आधी नुसत्या शिंका. मग नाक गळायचं. मग एके संध्याकाळी जेवणं झाली आणि आम्ही सगळे बसलो असताना मामाजी, म्हणजे सासरे, कान टवकारून म्हणाले, "मांजरीचं पिल्लू रडून राह्यलं कुठीतरी."

सगळ्यांनी ऐकलं. बारीक, लांब असा आवाज येत होता. मामाजी म्हणाले, "कापसात व्यालेली दिसते मांजर." आमच्याकडे कापूस मधल्या खोलीत भरलेला असतो. माझे यजमान, पूनमचे बाबा, बॅटरी घेऊन ढिगावर चढले. पूनम आमची मुलगी, ती पण चढली. दोघांनी मिळून कापूस उपसायला घेतला. पिल्लू काही सापडेना, पण आवाज वाढत चालला.

"एक नाही, दोन हायेत," मामाजी खालून म्हणाले.

तो आवाज माझ्या छातीतून येत होता. मला ते पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. पण सासऱ्यांसमोर "ते पिल्लू मीच आहे" असं कसं सांगायचं? मी पदर तोंडावर धरून गप्प बसले. त्यांनी कापूस उपसून उपसून इतकी धूळ केली की शेवटी मला खोकल्याची उबळ आली. मग सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. पूनम ढिगावरून म्हणाली, "आई, तू वाजून राह्यली!"

त्यानंतर उपाय सुरू झाले. अडुळशाचा काढा झाला. गावातल्या कंपाउंडरची इंजेक्शनं झाली. शेजारच्या कमलाबाईंनी कोजागिरीच्या खिरीतलं औषध सांगितलं, पण कोजागिरी नुकतीच होऊन गेली होती. त्या म्हणाल्या, "मंग पुढच्या कोजागिरीलोक दम धर." आता दमच धरता येत असता तर औषध कशाला लागलं असतं?

मामीजींनी मात्र माझी खरी काळजी घेतली, हे आधी सांगते. त्या तोंडाच्या तिखट आहेत, पण माझा खोकला ऐकून त्यांना झोप यायची नाही. थंडीचे दिवस होते. ओसरीत वारा लागतो म्हणून त्यांनी मला मधल्या खोलीत झोपायला लावलं. कापसाच्या ढिगावर गोधडी टाकली की त्याच्यासारखं मऊ आणि ऊबदार दुसरं काही नाही. आमच्याकडे बाळंतिणीला आणि जावयाला ती जागा देतात. मामीजी स्वतः बाहेर ओसरीत झोपल्या आणि मला आत पाठवलं. खिडकी लावून घेतली, फटींत चिंध्या कोंबल्या. "वाऱ्याचा कण येऊ देत नाही पाह्य तुह्याजवळ," म्हणाल्या.

माझा दम वाढत गेला.

मग दादा, माझा मोठा भाऊ, मला मुकुटबनला माहेरी घेऊन गेला. तिथे दादाचं पंक्चरचं दुकान आहे, शेती नाही. दोन बस बदलून जाताना मी वाटेत धापत होते. पण माहेरी चार रात्री झोपले आणि छाती मोकळी झाली. वहिनीबरोबर पाणी भरलं, एक दिवस तर टेकडीवरच्या देवीलाही जाऊन आले. दादाने फोन करून सांगितलं, "ठणठणीत आहे." पूनमचे बाबा घ्यायला आले. मी परत सासरी आले, दोन दिवसांत पुन्हा मांजरीचं पिल्लू.

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा कमलाबाई विहिरीवर म्हणाल्या, "असा दमा म्या नाही पाह्यला माय. माहेराची बस लागली का पळते, न सासरची लागली का चढते. तिकीट काढते का त्याचं?" बाया हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार? घरी आले तर मामीजींना ते आधीच कळलेलं होतं. त्यांनी भाकरी माझ्या ताटात दुरून टाकली.

त्या आठवड्यात पूनमचे बाबा म्हणाले, "तुले तिकडंच बरं वाटते त राह्य तिकडं. बरी होईस्तोवर."

त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं. थकून म्हटलं होतं. पण मी घाबरले. आमच्याकडे माहेरी ठेवलेल्या बाईबद्दल लोक आधी विचारतात, "कधी येऊन राह्यली?" मग विचारतात, "येते का नाही?" मग विचारणं बंद करतात. पूनमची शाळा इथे, म्हणजे पूनम इथेच राहणार. माझा श्वास तिकडे आणि माझं घर इकडे. मला दोन्ही हवं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लोकांना वाटत होतं की मी ढोंग करते.

मामीजीच आडव्या आल्या. "तशी नाही पाठवाची तिले. लोक म्हणतीन, सासूनं हाकलली. आधी मोठ्या दवाखान्यात दाखवू. डॉक्टरनं म्हटलं ढोंग, त ढोंग. डॉक्टरनं म्हटलं बिमारी, त बिमारी." म्हणून आम्ही दोघी यवतमाळला गेलो.

पहिली तपासणी स्पायरोमेट्रीची. यात एका नळीत फुंकायचं असतं आणि मशीन सांगतं की फुप्फुसातून हवा किती जोरात बाहेर येते. नाकाला चिमटा लावतात. तो दुखत नाही, पण माणूस विचित्र दिसतो. समोर तपासणारे भाऊ उभे होते. आजूबाजूला चार पेशंट. मी पदर पुढे ओढला आणि त्याच्या आडून हळूच फुंकलं.

"ताई, मशीनला कळलंच नाही तुम्ही फुंकलं ते," भाऊ म्हणाले. "जोरात. मोठा श्वास घ्या आणि सगळा बाहेर फेका. फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, अजून!"

एवढा आरडाओरडा कुणी माझ्यासाठी कधी केला नव्हता. मी लाजून श्वासच सोडून दिला. तेव्हा मामीजी बाकावरून उठल्या. "फुक न व! चुलीत कशी फुकते घरी!"

मग मी चुलीत फुंकते तसं फुंकलं. फू, फू, फू. भाऊंनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "आजी, चूल पेटली असती, पण रिपोर्ट नाही येणार. एकच लांब फुंकर पाहिजे." पाचव्या की सहाव्या वेळी ते जमलं. मग त्यांनी औषधाची वाफ दिली, थोडा वेळ बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. या वेळी आकडा वर गेला. तुम्हाला ही तपासणी सांगितली तर लाजू नका. तिथे सगळेच नाकाला चिमटा लावून बसलेले असतात.

त्या आकड्यावरूनच मॅडमनी निदान केलं. आवळलेल्या नळ्या औषधाने मोकळ्या झाल्या, म्हणजे दमा. मामीजींनी विचारलं, "म्हंजे ढोंग नाही?" मॅडम म्हणाल्या, "असं ढोंग करता येत नाही." मला मॅडमच्या पाया पडावंसं वाटलं. पण त्यांनी लगेच घरातल्या वस्तूचा विषय काढला आणि मामीजींची खुर्ची सरकली.

दुसरी तपासणी स्किन प्रिक टेस्ट. हातावर पेनाने खुणा करून वेगवेगळ्या गोष्टींचे थेंब टाकतात आणि सुईने बारीक टोचतात. ज्या थेंबाजवळ गांधी उठेल ती वस्तू आपल्याला चालत नाही. गवताचा थेंब, बुरशीचा, झुरळाचा, धुळीचा, असे टाकून झाले. मामीजी बारकाईने पाहत होत्या. त्या नर्सबाईंना म्हणाल्या, "एक थेंब सासूचाही टाका जी. एकदाचं कळू द्या गावाले."

नर्सबाई हसल्या. मामीजी हसल्या नाहीत.

मला एकदम कळलं की त्यांना खरंच भीती वाटते आहे. विहिरीवरचं बोलणं त्यांना माझ्यापेक्षा जास्त लागलं होतं. मी म्हणणार होते, "तुमची ॲलर्जी नाही मामीजी." पण नर्सबाई होत्या, वॉर्डबॉय होता, मी नुसता पदर सारखा केला.

धुळीतल्या किड्यांच्या आणि बुरशीच्या थेंबाला मोठ्या गांधी उठल्या. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, असं मॅडमनी सांगितलं. गादी, उशी, गालिचा, जुने कपडे यांत वाढतात. मामीजींना ते बिलकूल पटलं नाही. "आमच्या घरात किडे? रोज सारवते मी!" पण घरी येताच त्यांनी पदर खोचला. गोधड्या उकळत्या पाण्यात टाकल्या. उशा उन्हात घातल्या. कोनाड्यातलं मामाजींचं पोतडं, ज्यात पंधरा वर्षांच्या दोऱ्या आणि खिळे होते, ते उकिरड्यावर गेलं. मामाजी दोन दिवस जेवले नाहीत. सगळं झाल्यावर मामीजींनी धुतलेली गोधडी कापसाच्या ढिगावर अंथरली आणि म्हणाल्या, "आता निज. धुळीचा कण नाही."

पांढऱ्याशुभ्र कापसात धूळ असते हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. कापूस आमच्यासाठी घरातलं सामान नाही. तो लक्ष्मी आहे. भाव चढेपर्यंत पाहुणी म्हणून राहते आणि जाते.

मॅडमनी दोन पंप दिले होते. पंप म्हणजे इन्हेलर. एक रोजचा, सूज कमी ठेवणारा. तो घेतल्यावर चूळ भरायची. दुसरा दम लागल्यावर ओढायचा. रोजच्या पंपाने फरक पडला, पण पुरता नाही. म्हणून महिन्याने पुन्हा गेलो. तेव्हा तिथे एका संशोधनासाठी रक्त घेत होते. शिकाऊ डॉक्टर होत्या, पूनमपेक्षा थोड्याच मोठ्या वाटायच्या. त्यांनी विचारलं, "तुमच्या रक्तातले मायक्रोआरएनए तपासायचे आहेत. देणार का? नाही म्हटलं तरी उपचार तसेच चालू राहतील."

"ते काय असते बाप्पा?" मामीजींनी विचारलं.

डॉक्टरताईंनी क्षणभर विचार केला. "आजी, लग्नाची पंगत बसली आहे असं समजा. आत आचारी आहे. तो निरोप पाठवतो, 'बुंदी वाढा.' वाढपी टोपलं घेऊन निघतो. पण वाटेत एक जण उभा असतो. तो वाढप्याचा हात धरतो, म्हणतो, 'पुरे, आता थांब.' शरीराच्या प्रत्येक पेशीत असे निरोप निघत असतात, हे बनवा, ते बनवा. तो वाटेत हात धरणारा म्हणजे मायक्रोआरएनए. अगदी बारीक असतो, पण त्याच्या हातात पुष्कळ असतं."

"मंग हिचा हात धरणारा कुठी गेला?"

"तेच पाहतोय आम्ही. ॲलर्जीच्या दम्यात यातले काही कमी झालेले दिसतात, तर काही जास्त. काही जण सूज वाढवणाऱ्या निरोपाला थांबवत नाहीत. काही जण उलट, शांत करणारा निरोपच अडवून धरतात. मग सूज वाढतच जाते."

मामीजी गंभीर झाल्या. "म्हंजे आमच्या नणंदेसारखं. नाही तिथं हात धरते, न पाहिजे तिथं गायब."

"बरोबर," डॉक्टरताई म्हणाल्या.

मी विचारलं नसतं, पण मला लेखी काहीतरी हवं होतं म्हणून मामीजींना कोपराने खुणावून कानात सांगितलं. त्यांनी विचारलं, "याचा कागद भेटीन का? लोकाइले दाखवाले?" डॉक्टरताईंनी सरळ सांगितलं की नाही. हे अजून शोधाचं काम आहे. पुष्कळ लोकांचं रक्त एकत्र पाहिल्यावर काहीतरी कळेल. यावर औषध अजून नाही, आपलं औषध पंपच. तुम्हालाही कुणी रक्तातून दमा मुळापासून काढून देतो म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

मी सही केली. रक्त दिलं. मग त्या प्रश्न विचारू लागल्या.

"झोपता त्या खोलीत काय काय आहे?"

"काहीच नाही," मामीजी म्हणाल्या.

"पलंग?"

"नाही."

"गादी? सतरंजी?"

"काहीच नाही जी. सगळं काढून टाकलं आम्ही."

"मग यांना झोपवता कशावर?"

"कापसावर!" मामीजी अभिमानाने म्हणाल्या. "पलंगाच्या तोंडात मारीन असा. छातीएवढा उंच हाय यंदा. खिडकी बंद, दार बंद, एकदम ऊब."

डॉक्टरताईंचा पेन थांबला. त्यांनी एकदा मामीजींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हळू आवाजात विचारलं, "आणि माहेरी?"

खोलीत तिघीच होतो. तरी मला बराच वेळ लागला. मामीजी माझ्याकडे पाहत होत्या. माहेरी मला बरं वाटतं हे त्यांच्यासमोर बोलायचं म्हणजे कमलाबाईंचंच बोलणं खरं करायचं. पण नाही बोलले तर पुढच्या बसने मला मुकुटबनलाच जायचं होतं. मी म्हटलं, "माहेरी बरं वाटते. तिथं कापूस नाही. सासू जवळ असली का नसली, त्याच्यानं काही होत नाही."

एवढं लांब मी त्या दवाखान्यात पहिल्यांदाच बोलले.

डॉक्टरताईंनी समजावलं. कापसाबरोबर घरात धूळ येते, बोंडाचा चुरा येतो, पाचोळा येतो. ओल राहिली की बुरशी धरते. बंद खोलीत ते बारीक किडे वाढतात. मी रोज रात्री त्याच्यातच नाक घालून झोपत होते.

परतीच्या बसमध्ये मामीजी खिडकीबाहेर पाहत राहिल्या. घाटंजी यायच्या थोडं आधी म्हणाल्या, "म्याच निजवलं तुले तठी. फटीसुद्धा बुजवल्या."

"थंडी होती," मी म्हटलं.

"होती," त्या म्हणाल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "पण सासू नाही निंघाली न?"

"नाही निंघाली."

"मंग ठीक हाय."

घरी पूनमच्या बाबांनी कापूस हलवायला नकार दिला. भाव चढेल म्हणून थांबले होते. बाहेर पाऊस येईल, चोर येईल, गाय तोंड घालेल. मामीजी म्हणाल्या, "मंग बायको बाहेर ठेव, न कापूस आत ठेव. बायकोले गाय नाही खात." पूनम खुदकन हसली. तिचे बाबा उठून कापसाची गाठोडी बांधायला दोऱ्या शोधू लागले. दोऱ्या उकिरड्यावर गेल्या होत्या. मामाजी म्हणाले, "सांगतलं होतं म्या!" आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

अंगणात टिनाचं शेड टाकलं. कापूस तिथे गेला. राखणीला पूनमचे बाबा तिथेच झोपू लागले. खोली ओल्या फडक्याने पुसून घेतली, खिडकी उघडली. ते काम मला करू दिलं नाही. मी तोवर कमलाबाईंच्या ओसरीत तोंडाला फडकं बांधून बसले होते.

लगेच जादू झाली नाही. पंप चालूच आहे, अजूनही रोज घेते. आधी मी तो गोठ्यामागे लपून घ्यायची. कमलाबाई म्हणाल्या की पंपाची सवय लागते. मामीजी त्यांना म्हणाल्या, "भाकरीची नाही लागली तुले सवय?" आणि मग त्यांनी कमलाबाईंना पंगतीचं सगळं सांगितलं. आचारी, वाढपी, हात धरणारा. कमलाबाई अर्ध्यातच म्हणाल्या, "कोणाच्या लग्नात झालं हे?"

काही महिन्यांनी दुसऱ्यांदा रक्त दिलं. त्यातून काय निघालं हे मला माहीत नाही, त्यांना कळायलाही वेळ लागेल. पण फुंकायच्या मशीनवर आकडा चांगला आला. ज्यांनी चौकशी केली त्या सगळ्यांची मी आभारी आहे. माझ्यासारख्या बाईला "कुठे झोपता?" असं कुणी विचारलं नसतं, तर मी आज माहेरी असते आणि लोकांनी विचारणंही बंद केलं असतं. तुम्हाला दम लागत असेल तर डॉक्टरांना घरातलं सगळं सांगा. जे सांगण्यासारखं वाटत नाही ते आधी सांगा.

यंदा पुन्हा कापूस निघाला. पहिला ट्रॅक्टर अंगणात आला तेव्हा पूनमचे बाबा आणि दोन गडी होते, मामाजी खाटेवर बसले होते. यजमानांनी पहिलं गाठोडं खांद्यावर घेतलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने पाय सरळ मधल्या खोलीकडे वळले. मी दारात उभी होते.

"इथं नाही," मी म्हटलं.

त्यांना ऐकू आलं नाही. "सरक व, जड हाय."

मी सरकले नाही. "इथं नाही टाकाचा! शेडात न्या!"

एवढा आवाज माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. गडी जागच्या जागी थांबले. मामाजींच्या हातातली तंबाखू सांडली. पूनमचे बाबा गाठोड्याखालून माझ्याकडे पाहतच राहिले, मग वळले आणि शेडाकडे चालू लागले.

"कोण वरडून राह्यलं व?" मामीजींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"मी."

आतलं भाकरी थापणं थांबलं.

"बरं," मामीजी म्हणाल्या. "मले वाटलं मीच."